पल्स नीट घडवा, मग डिजिटलला दोष द्या

स्विचिंग पॉवर सप्लाय बनवण्यात उमेदीची वर्षं घालवलेल्या अनेकांच्या मनात एक निकाल पक्का बसलेला आहे: रेग्युलेशन हे ॲनालॉगचं काम, तिथे डिजिटलला आणू नये. कारणंही ठरलेली. डिजिटल पल्स पायऱ्यापायऱ्यांनी हलते, त्यामुळे आउटपुट व्होल्टेज एका जागी ठरत नाही. प्रोसेसरला हिशेब करायला वेळ लागतो, त्यामुळे लोड अचानक बदलला की सप्लाय मागे पडतो. आणि ज्यावर सगळ्यात जास्त जोर असतो तो मुद्दा म्हणजे प्रोग्रॅम अडकला की मॉसफेट उडतो.

हे सांगणारी माणसं अनुभवी आहेत आणि त्यांनी जे पाहिलं ते खरोखरच पाहिलेलं आहे. डगमगणारं आउटपुट, शिट्टी मारणारी कॉइल, जळून काळा पडलेला बोर्ड. माझं भांडण त्यांच्या अनुभवाशी नाही, त्यावरून काढलेल्या निष्कर्षाशी आहे. त्यांच्यापुढे आलेल्या बहुतेक बोर्डांवर पल्स वाईट रीतीने घडवलेली होती, आणि तिचा दोष सगळ्या डिजिटल नियंत्रणाच्या माथी मारला गेला. हा निकाल ऐकून तरुण इंजिनिअर या कामापासून दूर राहतात, किंवा त्याहून वाईट म्हणजे पल्सचा विचार न करताच त्यात उतरतात. म्हणून याचं सविस्तर उत्तर द्यायला हवं.

12 व्होल्टपासून 1 व्होल्ट करणारा साधा बक कन्व्हर्टर घ्या. वरचा स्विच प्रत्येक आवर्तनात साधारण बाराव्या हिश्शाइतका वेळ चालू राहतो, उरलेला वेळ बंद. कॉइल आणि कपॅसिटर मिळून त्याची सरासरी काढतात, आणि ती सरासरी म्हणजे आपलं आउटपुट. आवर्तन ठरावीक असलं तर सगळं रेग्युलेशन एकाच गोष्टीवर उभं असतं: पल्स नेमकी कोणत्या क्षणी संपते. चांगला सप्लाय आणि वाईट सप्लाय यांतला फरक त्या मागच्या कडेपाशी ठरतो.

ॲनालॉग चिप ही कड फार देखण्या पद्धतीने ठरवते. एक रॅम्प सतत चढत असतो, एरर ॲम्प्लिफायर चुकीच्या प्रमाणात एक व्होल्टेज देतो, आणि रॅम्पने ते व्होल्टेज गाठलं की कंपॅरेटर पल्स संपवतो. 1976 साली सिलिकॉन जनरल कंपनीची एसजी1524 ही चिप आली. रॉबर्ट मामानो यांनी ही सगळी मंडळी त्या एका चिपमध्ये बसवली आणि स्विचिंग सप्लाय घराघरांत जाण्याची वाट मोकळी झाली. त्यानंतरच्या टीएल494 आणि यूसी3842 यांनी तर दोन पिढ्या पोसल्या. कॉम्प्युटरच्या जुन्या एसएमपीएसचा डबा उघडला की टीएल494 किंवा तिची नक्कल हमखास सापडते, आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांत या चिपा आजही नाव घेताच पुढ्यात येतात. या पद्धतीत पल्सची कड कुठेही पडू शकते. तिला पायऱ्या नाहीत, मर्यादा आहे ती फक्त नॉइजची. हा मोठा गुण आहे.

डिजिटल पल्स साध्या रीतीने घडवली तर काय होतं? क्लॉकच्या ठोक्यावर एक काउंटर मोजत जातो, ठरलेल्या आकड्यावर पोचला की पल्स संपते. म्हणजे कड फक्त ठोक्यावरच पडू शकते, दोन ठोक्यांच्या मध्ये नाही. 72 मेगाहर्ट्झच्या क्लॉकवर चालणारा साधा मायक्रोकंट्रोलर घ्या आणि 500 किलोहर्ट्झवर स्विचिंग करा. एका आवर्तनात 144 ठोके मिळतात. 12 व्होल्टला 144 ने भागा: एका ठोक्याने आउटपुट 83 मिलिव्होल्टने हलतं. मला 1.05 व्होल्ट हवे आहेत. 12 ठोके दिले तर 1 व्होल्ट, 13 दिले तर 1.083. हवा तो आकडा उपलब्धच नाही.

आता दुसरी बाजू पाहा. त्याच मायक्रोकंट्रोलरमधला 12 बिटांचा एडीसी 3.3 व्होल्टच्या टप्प्यात 0.8 मिलिव्होल्टचा फरक ओळखतो. म्हणजे तराजूचा काटा दहा ग्रॅमही दाखवतो आणि वजनं मात्र किलोकिलोचीच आहेत. कंट्रोलरला चूक स्पष्ट दिसते, दुरुस्त करायला एक ठोका वाढवतो, आउटपुट पलीकडे जातं, तो ठोका कमी करतो, ते अलीकडे येतं. इंटिग्रेटर साचत राहतो आणि ही येजा कायमची चालू राहते. याला लिमिट सायकल म्हणतात. तिची गती कानाला ऐकू येणाऱ्या पट्ट्यात पडली की कॉइल आणि सिरॅमिक कपॅसिटर गाऊ लागतात. ज्येष्ठांनी ऐकलेली शिट्टी ती हीच.

इथपर्यंत त्यांचा आरोप शंभर टक्के खरा आहे. पण तो कुठे थांबतो हे त्यांनी पाहिलेलं नाही. 2003 साली बर्कलीच्या एंजल पीटरचेव्ह आणि सेथ सँडर्स यांनी लिमिट सायकल केव्हा उद्भवते आणि केव्हा नाही, याच्या अटी रीतसर मांडल्या. पहिली अट सोप्या शब्दांत अशी: पल्सची पायरी एडीसीच्या पायरीपेक्षा बारीक असली पाहिजे, म्हणजे एडीसीला जिथे चूक शून्य दिसते त्या खिडकीत पल्सची निदान एक तरी पायरी पडेल. शिवाय लूपमध्ये इंटिग्रेटर हवा आणि त्याचा गेन मर्यादेत हवा. हे पाळलं की आउटपुट ठरतं. म्हणजे अस्थिरतेचं कारण ‘डिजिटल’ या जातीत नाही, दोन पायऱ्यांच्या प्रमाणात आहे, आणि ते प्रमाण कागदावर आधीच तपासता येतं. वीस वर्षांहून जुनी ही गोष्ट अजूनही आपल्या चर्चेत येत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मग पायरी बारीक कशी करायची? क्लॉकच वाढवत नेणं हा मार्ग लवकर संपतो. 1 मेगाहर्ट्झच्या स्विचिंगला 10 बिटांची पल्स हवी तर 1 गिगाहर्ट्झहून वेगवान काउंटर लागेल, आणि तो काउंटरच इतकी वीज खाईल की छोट्या सप्लायची कार्यक्षमता त्यातच जाईल. यावरचं उत्तर गेल्या शतकाच्या अखेरीस एमआयटीत अब्राम डॅन्सी आणि अनंत चंद्रकासन यांच्या कामातून, आणि पुढे कोलोरॅडो विद्यापीठात ड्रॅगन मॅक्सिमोविच यांच्या गटाच्या कामातून घडत गेलं. ढोबळ मोजणी काउंटरने करायची आणि दोन ठोक्यांमधली जागा डिले लाइनने भरायची. डिले लाइन म्हणजे एकामागे एक लावलेली सारखी गेट्स. सिग्नल प्रत्येक गेटमधून जाताना थोडा थोडा उशिरा होतो, आणि हव्या त्या गेटपाशी त्याला उचललं की ठोक्याच्या आत कुठेही कड पाडता येते. क्लॉक तेवढाच, पायरी कित्येक पट बारीक.

ही गोष्ट आता प्रयोगशाळेतली राहिलेली नाही. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या सी2000 मालिकेत साधारण 150 पिकोसेकंदांची पायरी देणारी सोय आहे. एसटी कंपनीच्या एसटीएम32एफ334 मध्ये 217 पिकोसेकंदांचा टायमर आहे, आणि तिच्याच जी474 मध्ये 184 पिकोसेकंदांचा. 170 मेगाहर्ट्झच्या ठोक्याचे 32 भाग केलेले आहेत, म्हणजे जणू 5.44 गिगाहर्ट्झचा काउंटर. गेटचा उशीर तापमानाने आणि सप्लाय व्होल्टेजने बदलतो, हा आक्षेप कुणी घेईल. तो बरोबर आहे आणि त्याची काळजीही घेतलेली आहे. एसटीच्या टायमरमध्ये डिले लॉक्ड लूप ती लांबी क्लॉकशी जुळवून ठेवतो, तर सी2000 मध्ये कंपनीने दिलेलं दुरुस्तीचं फंक्शन प्रोग्रॅममधून अधूनमधून चालवावं लागतं. ते चालवायला विसरलं, तर बोर्ड तापल्यावर पायऱ्या एकमेकींवर चढतात किंवा मध्ये फट राहते. अशा बोर्डाला दोष देताना निदान कारण तरी नेमकं सांगावं.

पुन्हा आपल्या उदाहरणात आकडे घाला. 500 किलोहर्ट्झचं आवर्तन 2 मायक्रोसेकंदांचं. 184 पिकोसेकंदांच्या पायरीने त्यात सुमारे 10,870 पायऱ्या होतात आणि एका पायरीने आउटपुट 1.1 मिलिव्होल्टने हलतं. 83 वरून 1.1! तरीही हे एडीसीच्या 0.8 मिलिव्होल्टपेक्षा किंचित ढोबळच आहे, आणि इथेच पीटरचेव्ह-सँडर्स यांची अट माहीत असण्याचा उपयोग होतो. लूपपुरते एडीसीचे खालचे दोन बिट सोडून द्यायचे. मोजणीची खिडकी 3.2 मिलिव्होल्टची होते, तिच्यात पल्सच्या दोन-तीन पायऱ्या आरामात मावतात. 1 व्होल्टच्या आउटपुटला 3 मिलिव्होल्ट म्हणजे 0.3 टक्के. आपल्या रोजच्या ॲनालॉग सप्लायमधले एक टक्क्याचे रेझिस्टर याहून जास्त चूक आणतात.

महाग टायमर परवडत नसेल तर डिदर आहे. लागोपाठच्या चार आवर्तनांत 12, 12, 13, 12 असे ठोके दिले की सरासरी सव्वाबारा होते. फिल्टर ती सरासरी काढतोच. पण याला मर्यादा आहे: हा क्रम स्विचिंगच्या एक चतुर्थांश गतीचा रिपल आउटपुटमध्ये सोडतो, आणि क्रम जितका लांब तितका तो रिपल फिल्टरला अडवणं कठीण. दोन-तीन बिट मिळवायला उत्तम, त्यापुढे ताणू नये.

या आरोपाला खतपाणी कुठून मिळतं, तेही सांगायला हवं, कारण तिथे दोष आपल्याकडे, डिजिटलच्या बाजूने बोलणाऱ्यांकडे आहे. आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत पीडब्ल्यूएम शिकवलं जातं ते बहुतेक एलईडी मंद-प्रखर करून. अर्डुइनो उनोवर ॲनालॉगराइट ही एक ओळ लिहिली की बहुतेक पिनांवर साधारण 490 हर्ट्झची, 8 बिटांची पल्स मिळते. एलईडीला ती पुरते. त्याच ओळीने बक कन्व्हर्टर चालवायला गेलं तर कॉइल अवाढव्य लागते. गती वाढवून 62.5 किलोहर्ट्झवर नेली तर 256 पायऱ्या, 100 वर नेली तर 160. मुलगा हा प्रकल्प करतो, आउटपुट डगमगतं, परीक्षक म्हणतात, बघ, डिजिटल म्हणजे हे असं. दोघंही चुकीच्या हत्यारावरून विद्येची परीक्षा करत असतात.

आता उशिराचा आरोप. तो अर्धा खरा आहे. ॲनालॉग लूप चुकीकडे सतत पाहत असतो, डिजिटल लूप ठरावीक क्षणी नमुना घेतो, हिशेब करतो आणि उत्तर पुढच्या आवर्तनात लागू करतो. हा एकूण उशीर दीड आवर्तनाचा धरला आणि लूपची बँडविड्थ स्विचिंगच्या दहाव्या हिश्शावर ठेवली, तर फेजमधले 54 अंश त्यातच जातात. ते परवडत नाहीत. विसाव्या हिश्शावर आणलं तर 27 अंश. पण दीड आवर्तन हे काही दैवाने ठरवलेलं नाही. जी474 च्या 170 मेगाहर्ट्झवर 2 मायक्रोसेकंदांत प्रोसेसरला 340 ठोके मिळतात, आणि दोन पोल दोन झिरोंचा कंपेन्सेटर मोजक्या गुणाकारांत संपतो. नमुना योग्य क्षणी घेतला आणि नवा आकडा त्याच आवर्तनात लागू केला, तर उशीर बराच आटतो. तो योग्य क्षण कोण ठरवतं? पुन्हा पल्स घडवणारा टायमरच. तोच एडीसीला इशारा देतो, दरवेळी पल्सच्या त्याच जागी, स्विचच्या खणखणाटापासून दूर.

आणि ज्यांना खरोखर त्याच आवर्तनातला प्रतिसाद हवा आहे, त्यांच्यासाठी करंट मोड आहे. कॉइलचा करंट हार्डवेअरमधला कंपॅरेटर पाहतो, करंट मर्यादेला पोचला की तो कंपॅरेटर पल्स तिथेच कापतो. प्रोसेसर फक्त ती मर्यादा किती असावी हे सांगतो. स्लोप कंपेन्सेशनसाठी लागणारा उतरता रॅम्पही जी474 चा डीएसी स्वतःच तयार करतो. यूसी3842 मध्ये जे घडतं तेच इथे घडतं, फरक इतकाच की मर्यादा, स्लोप आणि सुरुवातीचा खोटा स्पाइक दुर्लक्षित करण्याचा काळ सोल्डरिंग गन न उचलता बदलता येतो.

तिसऱ्या आरोपावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण त्यात भीती आहे आणि भीतीला अर्धवट माहितीने उत्तर देऊ नये. ‘प्रोग्रॅम अडकला की मॉसफेट उडतो’ असं म्हणणारा माणूस असं धरून चालतो की प्रोग्रॅम दर पल्सला पिन वर-खाली करत असतो. तशा रीतीने सप्लाय चालवणाऱ्याला सप्लाय बनवू देऊ नये, यात दुमत नाही. एक इंटरप्ट उशिरा आला की वरचा आणि खालचा मॉसफेट एकदम चालू, आणि क्षणात दोन्ही गेले. पण नीट घडवलेल्या पल्समध्ये प्रोग्रॅमचा पिनशी संबंधच येत नाही. तो फक्त एका रजिस्टरमध्ये आकडा ठेवतो. पल्स टायमर काढतो, वरच्या आणि खालच्या स्विचमधला डेड टाइम टायमर घालतो. तो डेड टाइम प्रोग्रॅमच्या हिशेबावर अवलंबून नसतो आणि प्रोग्रॅम अडकला म्हणून चुकत नाही.

रजिस्टरचीही एक गोम आहे, आणि कितीतरी बोर्ड तिने गिळले आहेत. चालू आवर्तनाच्या मध्येच नवा आकडा थेट लिहिला आणि काउंटर त्या आकड्याच्या पुढे गेलेला असला, तर जुळणी होतच नाही. पल्स संपतच नाही, पूर्ण आवर्तनभर स्विच चालू राहतो. बकमध्ये एक उडी दिसते, ट्रान्सफॉर्मरवाल्या फुल ब्रिजमध्ये कोअर सॅच्युरेट होतो आणि स्विच जातात. यावर उपाय प्रत्येक गंभीर टायमरमध्ये आहे: नवा आकडा आधी शॅडो रजिस्टरमध्ये जातो आणि आवर्तन बदलताना एकदम लागू होतो. पण ही सोय चालू करावी लागते. ती चालू न करता ‘डिजिटल बेभरवशाचं’ म्हणणं अन्यायाचं आहे.

प्रोग्रॅम खरोखर अडकला तर? टायमर शेवटची ड्यूटी तशीच देत राहतो. लूप उघडा पडतो, लोड अचानक निघाला तर आउटपुट वर जाऊ शकतं. हा धोका खरा आहे. म्हणून ओव्हरव्होल्टेज आणि ओव्हरकरंट हे दोन्ही कंपॅरेटर थेट टायमरच्या फॉल्ट इनपुटला जोडायचे असतात. तिथून आउटपुट बंद करायला ना प्रोग्रॅम लागतो, ना इंटरप्ट. एसटीच्या टायमरमध्ये हा मार्ग क्लॉकवरही अवलंबून नसतो. वॉचडॉग प्रोसेसरला उठवतो ते त्यानंतर, सावकाश. बेंचवर काम करणाऱ्याने आणखी एक गोष्ट पाळावी: डीबगरमध्ये ब्रेकपॉइंट लावण्याआधी, प्रोसेसर थांबला की टायमरची आउटपुट सुरक्षित अवस्थेत जातील अशी सेटिंग करावी. मोठा करंट वाहत असताना प्रोसेसर गोठवला आणि पल्स आहे तशी चालू राहिली, म्हणून उडालेल्या मॉसफेटांचा हिशेब डिजिटलच्या खात्यावर टाकू नये.

याचा अर्थ सगळीकडे डिजिटलच वापरावं असा नाही. मोबाइलचा साधा चार्जर, दहा वॉटचा एकच आउटपुट, यांना ॲनालॉग चिपच योग्य. कमी पैसे, कमी भाग, काम चोख. तिथे डिजिटल लादणाऱ्याला मीही विरोध करीन.

पण सर्व्हरचा सप्लाय घ्या. 80 प्लस टायटॅनियमचा दर्जा 230 व्होल्टवर मिळवायचा तर निम्म्या लोडला 96 टक्के कार्यक्षमता लागते, आणि केवळ 10 टक्के लोडलाही 90 टक्के द्यावी लागते. पुढे टोटम-पोल पीएफसी, मागे एलएलसी. लोड उतरला की डेड टाइम बदलायचा, म्हणजे स्विच शून्य व्होल्टेजवरच चालू होईल; एलएलसीची गती बारकाईने सरकवायची; एकाहून जास्त फेज असतील तर काही निजवून उरलेल्यांचं अंतर पुन्हा सारखं करायचं. गॅलियम नायट्राइडच्या स्विचमध्ये डेड टाइमचे दहा नॅनोसेकंद जास्त झाले तरी ते नुकसानीत मोजावे लागतात, कारण उलट्या दिशेने वाहताना त्याच्यावर पडणारं व्होल्टेज सिलिकॉनच्या डायोडपेक्षा जास्त असतं. एका रेझिस्टरने कायमचा बांधलेला डेड टाइम इथे पुरत नाही. नवी मुंबईतल्या डेटा सेंटरांच्या रॅकमध्ये जे सप्लाय लागतात, भोसरी-चिंचवडच्या कारखान्यांत जे चार्जर आणि इन्व्हर्टर बनतात, त्यांच्या पुढच्या पिढ्या याच पल्सवर चालणार आहेत. त्या आपण घडवायच्या की बाहेरून आणून नुसत्या बसवायच्या, हा प्रश्न आपल्या बेंचवर सुटतो.

ज्यांना माझं म्हणणं अजूनही पटलेलं नाही, त्यांना माझी विनंती एका चाचणीची आहे. 12 व्होल्ट इनपुट, 1.05 व्होल्ट आउटपुट, 500 किलोहर्ट्झ. तोच पॉवर स्टेज, तीच कॉइल, तेच कपॅसिटर. आधी 72 मेगाहर्ट्झच्या साध्या टायमरवर चालवा, स्कोप एसी कपलिंगला ठेवा, पडदा दहा-वीस मिलिसेकंदांचा घ्या आणि लोड स्थिर ठेवून पाहा. मग उच्च रिझोल्यूशनचा टायमर लावा, एडीसीचे दोन बिट सोडा, शॅडो रजिस्टर चालू करा आणि त्याच पट्टीवर पुन्हा पाहा. शेवटी लोड 1 ॲम्पिअरवरून 5 वर झटक्याने न्या आणि हाच झटका आपल्या आवडत्या ॲनालॉग चिपच्या बोर्डालाही द्या. सगळी चित्रं शेजारी ठेवून मग सांगा की दोष कुठे आहे. तेव्हाही डिजिटलच सदोष दिसलं, तर त्या चित्रांवर मी आपल्याशी पुन्हा वाद घालायला तयार आहे, पण तो वाद पायरीच्या पिकोसेकंदांवर आणि लूपच्या अंशांवर व्हावा.